कात पडू दे, मग बघू

नेऱ्यात निरंजनदादाच्या बिल्डिंगखाली त्या सकाळी इतक्या चपला पडल्या होत्या की आत जायचं तर लोकांच्या चपला तुडवतच जावं लागत होतं. पार्किंगमधल्या दोन्ही गाड्या रस्त्यावर काढलेल्या. त्यांच्या जागी सतरंजी, सतरंजीच्या टोकाला टेबल आणि टेबलावर बंद पडलेल्या फरसाणाच्या दुकानातला काचेचा शोकेस. गेल्या दिवाळीपर्यंत त्यात पापडी आणि लसूणशेव असायची. आता देव होता.

देव साडेतीन फुटांचा, जाडजूड, काळपट अंगाचा, अंगभर सोनेरी ठिपके. भीतीने त्याने स्वतःची गुंडाळी केली होती आणि डोकं मधोमध खुपसून लपवलं होतं. ठिपक्यांत कोणाला ओम दिसत होता, कोणाला त्रिशूळ. माझ्या पुढे उभ्या माणसाला त्याच्या जमिनीचा गट नंबर दिसला. तो हात जोडून तेच आकडे पुटपुटत होता.

शोकेसशेजारी भगवी शाल पांघरून जनार्दन बसला होता.

"देव समाधीत हाय," तो सांगत होता. "फोटू काढा, पर फ्लॅश मारू नका. समाधी डिस्टर्ब झाली तर जिम्मेदारी माझी न्हाई. आवं, असा नाग कुनी बगितलाय का? फना न्हाई, फुत्कार न्हाई. मी हातात घेतला, चावला न्हाई. का? वळखलं त्यानं मला."

देव महाशिवरात्रीला प्रकटला असंही तो सांगायचा. खरं तर साप सापडला शिवरात्रीनंतर तिसऱ्या दिवशी, पहिल्या मजल्यावरच्या देवघरात. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये देवालाही तीन दिवस उशीर होत असावा.

जनार्दन गावाला नवा नाही. पंधरा वर्षं त्याने प्लॉट विकले. प्लॉट संपले तसा तो भाड्याच्या खोल्या लावून द्यायला लागला. सातबारा वाचणारा हा माणूस वर्षभरापासून कुंडल्या वाचत होता, आणि लोक दोन्ही वेळा त्याच्यापुढे सारख्याच विश्वासाने बसले.

मी गौतमी, गावची आशाताई. लोकांना गोळ्यांची, लसींची, तारखांची आठवण करून देत दारोदार हिंडणं हे माझं काम. त्या सकाळी मी देव बघायला आले नव्हते. मी आले होते सारजामावशींच्या डोळ्यांतले थेंब संपले का ते विचारायला.

सारजामावशी म्हणजे निरंजनदादाची आई. सत्तरीची बाई. त्यांच्या भातखाचरावर आता ही तीन मजली बिल्डिंग उभी आहे आणि तांदूळ दुकानातून पिशवीत येतो, खडा नावाला नसलेला. तरी रोज सकाळी मावशी खिडकीत सूप घेऊन बसायच्या आणि तो तांदूळ निवडायच्या. "हाताला सवय हाय," म्हणायच्या. "डोळा हाय तवर निवडते."

डोळा म्हणजे एकच, डावा. उजवा दोन वर्षांपूर्वी गेला होता. महिन्यापूर्वी तपासणी शिबिरात डोळ्यांच्या डॉक्टरांनी डावा बघितला आणि म्हणाले, काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतोय. सकाळ-संध्याकाळ थेंब घाला, एक वेळ चुकवू नका. लेझर करायला त्यांनी पुढची तारीखही दिली, शुक्रवारची.

इथे एक गोष्ट माझ्या नावावर लिहायला हवी. शिबिरातून परत येताना टेंपोत मावशी घाबरून गप्प झाल्या होत्या. धीर द्यायला म्हणून मी म्हणाले, "बिंदूच तर आहे मावशी. होतंय बरं." नुसतं बिंदू. कुठला बिंदू ते मी बोलले नाही. त्यांच्या नणंदेचा मोतीबिंदू दोन वर्षं पिकू दिला, मग काढला, आणि ती बाई आज सुईत दोरा ओवते. मावशींनी घरी जाऊन सांगितलं, "मलाबी वन्संवानी बिंदूच हाय." आणि पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवलेल्या घराला पिकायची वाट बघायला कोणी शिकवावं लागत नाही.

"कच्चं काढलं की दाना पोचट निघतो, ताई," निरंजनदादा मला म्हणाला. "पिकू दे की जरा."

मी त्याला बसवून सांगितलं. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं, ते बदललं की दिसतं. काचबिंदूत डोळ्यामागची नस वाळत जाते, आणि वाळलेली नस पुन्हा हिरवी होत नाही. तो मान हलवत राहिला. पण माझा आधीचा शब्द माझ्या आधी त्या घरात पोचला होता.

तर त्या सकाळी जनार्दनने मावशींना पुढे बोलावलं.

"काकी, हितं या. देव कुनासाठी आलाय म्हाईत हाय का? तुमच्यासाठी. आता ध्यान देऊन आयका समदी. थोड्या दिसांत देवाचे डोळे पांढरे पडतील. घाबरायचं न्हाई. काकीचा बिंदू देव सोताच्या डोळ्यात वडून घेनार हाय. मग देवाचे डोळे आपसूक निवळतील. मग देव कात टाकील, आन कातीसंगं काकीची पिडा जाईल. तवर दोन पथ्यं. उंबरा वलांडायचा न्हाई. आन डोळ्यात परक्याचं पानी घालायचं न्हाई."

"परक्याचं पाणी म्हणजे?" मी विचारलं.

"तुमचं ते थेंब, ताई. एका म्यानात दोन तलवारी ऱ्हात न्हाईत."

पार्किंगला उंबरा नसतो. म्हणून त्याने सरकत्या गेटाच्या लोखंडी पट्टीला हळदकुंकू लावलं आणि तोच उंबरा ठरवला. मावशींनी पट्टीपुढे वाकून हात टेकले आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "बोलले देवा. कात पडंस्तवर हितनं पाऊल भाईर टाकनार न्हाई."

मी हे ऐकत उभी होते आणि काही करू शकत नव्हते. गोळी विसरणाऱ्या माणसाला आठवण करता येते. शब्द दिलेल्या माणसाला काय करायचं?

चौथ्या दिवशी सापाचे डोळे पांढरे पडले.

खरंच पडले. निळसर, दुधाळ, काचेवर कोणी हाऽ करावं तसे. ठिपक्यांचं सोनं मातकट झालं. साप हलेना, आणि मग नेऱ्यातली, नांद्यातली, माणमधली माणसं लोटली. शोकेसमध्ये चार पिवळे बल्ब सतत पेटते, समोर लोबानाचा धूर, आणि सापासमोर दुधाची वाटी. दुधाचं दुपारपर्यंत दही व्हायचं. जनार्दन म्हणायचा, देव नजरेनं पितो.

एका कॉलेजच्या पोराने विचारलं, "महाराज, देव आंधळा झाला मग?"

"बाळा, तुजा मोबाइल अपडेटला लागला की स्क्रीन काळी व्हती का न्हाई? तवा तू काय म्हनतो, मोबाइल मेला? गप बसून वाट बगतो. देवाचं अपडेट चालू हाय. फकस्त त्याची स्क्रीन पांढरी व्हती."

लोक हसले. हसलेल्या माणसाला शंका विचारता येत नाही, हे त्या माणसाला प्लॉट विकताना कळलं असणार.

बिल्डिंगमागे गटार उपसायला गोमा आला होता. वरच्या डोंगरवाडीतला, साठीचा, रोजंदारीवरचा माणूस. हात धुऊन तोही शोकेसपाशी येऊन उभा राहिला, जरा लांबच. बघून म्हणाला, "आंदळा न्हाई ह्यो. कातीवर आलाय."

जनार्दन म्हणाला, "तू गटार काढ, गोमा."

"काडतो की. पर ह्याला पानी द्या. वल मागतोय त्यो. दिवं लावून भाजताय का त्याला?"

"ए, देवाला भाजतो म्हन्तो," कोणीतरी ओरडलं, आणि निरंजनदादाने गोमाच्या दंडाला धरून त्याला मागे नेऊन सोडलं. मारलं नाही. तेवढाच काय तो मोठेपणा.

मी मागे गेले. गोमा पुन्हा गटारात उतरला होता.

"काका, कातीवर आलाय म्हणजे काय?"

"सापाला पापनी कुटं असतीया, ताई? त्याच्या डोळ्यावरबी कातच असती. जुनी कात सुटाया लागली की तिच्या न् नव्या कातीच्या मंदी पानी धरतं. म्हनून डोळा दुधाळ दिसतो. चार-पाच दिसांत निवळतो, मग दोन-तीन दिसांनी कात टाकतो. रानात साप तवा वढ्याकडंला, वल्या पाल्यात जाऊन बसतो. वल असंल तर कात पायमोज्यावानी एकसंद निघती. कोरडं असंल तर चिंध्या व्हत्यात, अंगालाच चिकटून बसत्यात." त्याने फावडं टेकवलं. "आन अजून एक. ह्यो हितला न्हाई. आमच्या रानात असला मी कदी बगितला न्हाई. आन मानसाच्या हाताला भीत न्हाई. पाळीव हाय ह्यो."

मी वर जाऊन हे सगळं निरंजनदादाला सांगितलं.

"गोमा सांगतोय व्हय," तो म्हणाला. "आन तुमी आयकताय."

"बरं, साप राहू दे. मावशींचे थेंब चालू करा. शुक्रवारची तारीख आहे."

"ताई, मी काय आईचा वैरी हाय का? तिनं बोललंय. कात पडू दे, मग बघू."

शुक्रवार आला तसा गेला. मी दवाखान्यात फोन करून तारीख पुढची मागितली. डॉक्टर म्हणाले, देतो, पण थेंब बंद करू नका. मी हो म्हणाले. मी काय म्हणणार होते?

थेंबाची बाटली शुभांगीने, निरंजनदादाच्या बायकोने, फ्रिजच्या दारात ठेवली होती. मी गेले की ती फ्रिज उघडून मला बाटली दाखवायची, जशीच्या तशी भरलेली, आणि दार लावून घ्यायची. "मी घालते म्हनलं तर आत्याच डोळा मिटून घेत्यात," ती म्हणाली. खाली बल्बात भाजत असलेल्या सापाला पाण्याचा थेंब नव्हता आणि वर मावशींच्या डोळ्यालाही नव्हता.

नवव्या दिवशी सापाचे डोळे निवळले. काळे, चकचकीत, शर्टाच्या बटणासारखे.

फटाके वाजले. जनार्दनला खांद्यावर घेतलं. बोललं तसं झालं होतं, अगदी त्याच क्रमाने. मलाच क्षणभर कळेना की या माणसाला आधी कसं ठाऊक होतं. गोमाला ठाऊक असणं समजू शकतं. जनार्दनला गांडूळ आणि साप यांतला फरक सांगता आला नसता.

मावशींना शोकेसजवळ बसवलं होतं. कोणीतरी विचारलं, "काय सारजाबाय, पडतोय का फरक?"

मावशी त्या बल्बांकडे बघत होत्या. चेहऱ्यावर लहान मुलीसारखं हसू. "पडतोय तर," त्या म्हणाल्या. "दिव्याभवती कडं दिसतंय. रंगीत. पावसाळ्यात चंद्राला पडतं तसं."

"देवाचं तेज," जनार्दन म्हणाला. सगळ्यांनी हात जोडले. निरंजनदादाने मोबाइलवर शूटिंग केलं.

दिव्याभोवती रंगीत कडं. शिबिरात डॉक्टरांनी मला लिहून दिलेल्या कागदावर ही ओळ होती: असं दिसलं तर दाब चढलाय, त्याच दिवशी घेऊन या. मी तो कागद पिशवीतून काढून निरंजनदादाच्या हातात दिला. त्याने वाचला. खरंच वाचला, दोनदा. मग आईकडे बघितलं, ती हसत होती. त्याने कागदाची घडी घालून मला परत दिली.

"दोन वर्सांत पैल्यांदा हसली, ताई."

मी कागद पुन्हा पिशवीत ठेवला.

कात पडायचे दिवस आले आणि कात पडेना. सापाच्या अंगावर कागदासारखे पापुद्रे उभे राहिले, मानेजवळ फाटले आणि तिथेच चिकटले. शेपटीच्या टोकाला वाळलेल्या कातीची कडी. तो काचेवर तोंड घासत फिरायचा. जनार्दन म्हणाला, कुणाचा तरी इटाळ झालाय, आणि माझ्याकडे बघितलं.

त्या दिवशी शुभांगीने मला स्वयंपाकघरात बोलावलं. दाराकडे पाठ करून तिने डब्यातून दोन वस्तू काढल्या. एक छोटं गोल घड्याळासारखं यंत्र, पण तासांच्या जागी शंभरपर्यंत आकडे. आणि वीतभर लांबीचा पातळ, जाळीदार पापुद्रा.

"वरच्या खोलीत ऋतिका म्हनून पोरगी ऱ्हायची. कंपनीतली, अमरावतीकडची. दिवाळीनंतर खोली सोडली. झाडताना कपाटामागं ह्ये घावलं. मला वाटलं पालिस्टिक हाय." ती थांबली. "ताई, ही कात हाय ना?"

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"कुनाला सांगू?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती.

ऋतिका माणमध्ये राहायला गेली होती. फोनवर मी "साप" म्हणताच ती रडायला लागली. "लाडू जिवंत आहे?"

देवाचं नाव लाडू होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, खांद्याला बॅग, हातात झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा. आणि त्याच सकाळी मावशींचा डोळा लाल झाला. डोकं फुटेल असं दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. मी वर गेले तर त्या भिंतीला कपाळ लावून बसल्या होत्या आणि डाव्या डोळ्यावर धुकं उतरलं होतं, त्या सापाच्या डोळ्यावर उतरलं होतं तसंच. खालून जनार्दनचा आवाज येत होता: "पिडा निगताना तरास देनारच. देव जोर लावतोय."

मी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि ऋतिकाला घेऊन पार्किंगमध्ये गेले.

ती घाबरलेली होती, पण बोलली नीट. "हा नाग नाही. अजगराच्या जातीतला आहे, आफ्रिकेतला. विष नाही. भीती वाटली की गोळा होतो, म्हणून लाडू. हा त्याचा नोंदणीचा कागद. घरमालक साप ठेवू देणार नाहीत म्हणून मी लपवून ठेवला, ती माझी चूक. डब्याचं झाकण नीट लागलं नाही आणि तो पळाला."

"पोरी, पैसं कुनी दिलं तुला ह्ये बोलायला?" जनार्दन म्हणाला.

तिने बॅगेतून फाइल काढली. प्लास्टिकच्या पिशव्यांत आठ काती, प्रत्येकीवर तारीख, सोबत फोटो. प्रत्येक फोटोत लाडूचे डोळे पांढरे. "साधारण दीड-दोन महिन्यांनी तो कात टाकतो. दर वेळी आधी डोळे असे होतात. मग निवळतात. मग कात पडते."

गर्दीच्या मागून गोमा म्हणाला, "मंजी दर दोन म्हैन्याला कुनाचा बिंदू वडत व्हता त्यो, महाराज?"

पहिल्यांदा लोक जनार्दनवर हसले.

"आणि यांना हे माहीत होतं," ऋतिका म्हणाली. "खोली यांनीच लावून दिली होती. लाडू हरवला तेव्हा मी फक्त यांनाच कळवलं. हा मेसेज." तिने मोबाइल माझ्या हातात दिला आणि मी मोठ्याने वाचला. लाडूचा फोटो. खाली: दिसला तर मारू नका, चावत नाही, उचलला तर गोळा होतो. दर दीड-दोन महिन्यांनी डोळे पांढरे होतात, घाबरू नका, चार-पाच दिवसांत आपोआप निवळतील, मग कात टाकेल. पण त्या दिवसांत त्याला ओल लागते. ओल्या टॉवेलात ठेवा, पाणी ठेवा, नाहीतर कात अडकते.

त्याखाली जनार्दनचं उत्तर: ओके मॅडम, दिसला की कळवतो. आणि हात जोडलेलं चित्र.

म्हणजे भविष्यवाणी मोबाइलमध्ये होती. त्याने ती शब्द न् शब्द बोलून दाखवली. फक्त ओल्या टॉवेलाची ओळ गाळली, कारण ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या देवाचं दर्शन कोण घेणार?

जनार्दनने शाल सावरली. "देव कुनाच्याबी रूपानं येतो. पाळीवबी व्हतो," असं काहीतरी म्हणाला, पण आवाज प्लॉटवाल्याचा झाला होता. लोक सरकले. काही चिडले, काहींनी चपला शोधल्या. गट नंबरवाला माणूस शोकेसकडे एकदा बघून, काही राहिलं का अशा चेहऱ्याने, निघून गेला.

कथा इथे संपायला हवी होती. अशा कथा इथेच संपतात. भोंदू पळतो, गावाचे डोळे उघडतात. ॲम्ब्युलन्स गेटाबाहेर येऊन उभी होती. मी निरंजनदादाला म्हणाले, "चला, मावशींना उतरवू."

तो सुन्न उभा होता. त्याला सगळं पटलं होतं, ते दिसत होतं. म्हणाला, "मी हानतो त्याला नंतर. पर ताई, आई न्हाई यायची. तिनं बोललंय."

"अहो, कोणाला बोललंय? लाडूला?"

"तिनं बोललंय," तो म्हणाला.

मी वर धावले. मावशींना सगळं सांगितलं. साप ऋतिकाचा आहे, जनार्दन खोटा आहे, गेटाच्या पट्टीत काही नाही. त्यांनी वेदनेतच ऐकून घेतलं.

"त्यो खोटा असंल," त्या म्हणाल्या. "मी खोटी न्हाई. कात पडू दे."

डॉक्टर फोनवर म्हणाले, दाबाला तासांचा हिशेब असतो, उचलून आणा. निरंजनदादाने खरंच उचललं. पट्टीपाशी येताच मावशींनी गेटाचा गज धरला आणि अशा ओरडल्या की त्याचे हात सुटले. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी बराच वेळ समजावलं. मग दुसरीकडून बोलावणं आलं आणि ते गेले. रस्त्यावरून कंपन्यांच्या बसेस जात होत्या, आत बसलेली मुलं मोबाइल बघत होती.

आता एकच वाट उरली होती. मावशींना सोडवायचं तर सापाची कात पडायला हवी.

"ओढून काढू का?" निरंजनदादाने ऋतिकाला विचारलं.

"नका. डोळ्यावरची चकती ओढली तर त्याचा डोळा जाईल. ओल द्यावी लागेल. मग तो स्वतः काढतो."

"किती येळ?"

"रात्रभर तरी."

गोमाने स्वच्छ गोणपाट भिजवून पिळून आणलं. ऋतिकाने ते कोमट करून डब्यात घातलं, झाकणाला भोकं पाडली, लाडूला आत ठेवलं, आणि शुभांगीने ते ओल मोजायचं गोल यंत्र आणून आत टेकवलं. आधी ते शोकेसमध्ये धरलं तेव्हा काटा वीसच्या आसपास होता. आता तो हळूहळू चढत गेला, चाळीस, साठ, ऐंशी. चार बल्ब विझवले होते. आम्ही पाचजण एका डब्याभोवती बसून होतो. सापाच्या डोळ्याची काळजी घेत होतो, कारण एका बाईच्या डोळ्यापर्यंत पोचायचा रस्ता त्या सापाच्या अंगावरून जात होता. शुभांगीने थेंब नेले. मावशींनी डोळा गच्च मिटून घेतला.

सकाळी साडेसहाला लाडूने गोणपाटाच्या घडीत अंग घासत कात सोडली. तीन तुकडे झाले, पण डोक्याकडचा तुकडा अख्खा निघाला, डोळ्यांसकट. नवं अंग ओलं सोनेरी दिसत होतं. निरंजनदादाने कात ओंजळीत घेऊन जिन्यावरून धाव घेतली. "आई, पडली." मावशी उठल्या, स्वतःच्या पायांनी उतरल्या आणि पट्टी ओलांडली.

दवाखान्यात दाब उतरवला. दुखणं थांबलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं, पण काही सांगायची गरज पडली नाही. त्यांनी बॅटरी डोळ्यापुढे धरली होती तेव्हा मी शेजारीच होते. "उजेड कळतो का?" "कळतो." "बोटं किती?" मावशींनी मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवली. मग म्हणाल्या, "तुमी सांगा."

लाडू ऋतिकाबरोबर गेला. जनार्दनने शाल बदलली आहे, एवढं ऐकते. तक्रार दिली आहे, मी आणि शुभांगीने, दोघींनी सही केली. गोमाला पुन्हा गटारासाठीच बोलावतात.

परवा मी मावशींकडे गेले. खिडकीत बसल्या होत्या, मांडीवर सूप. तांदळातून बोटं फिरत होती.

"ताई, ती कात ठिवलीया का?"

शुभांगीने आणून दिली. मावशींनी ती तांदळावर पसरली आणि ज्या बोटांनी खडे शोधायच्या त्याच बोटांनी चाचपत डोक्याच्या टोकाशी आल्या. थांबल्या.

"हितं गोल काय लागतंय? भिंगावानी."

"डोळा आहे, मावशी. सापाच्या डोळ्यावर कातड्याची काच असते. कात टाकताना तीही निघते. जुनी होते तेव्हा धुरकट दिसते, बाकी काही नाही. त्याचा डोळा आत चांगलाच होता."

त्या बराच वेळ ती चकती बोटाखाली फिरवत राहिल्या.

"मंजी त्याच्या खिडकीची काच बदलली," त्या म्हणाल्या. "आन माजं?"

तेव्हा मी टेंपोत न बोललेला शब्द बोलले. "तुमचा मोतीबिंदू नव्हता, मावशी. काचबिंदू होता. तो पिकत नाही. मी नीट बोलले नाही."

"आसं व्हय," मावशी म्हणाल्या, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

वाचणाऱ्यांनो, माझी मागणी लहान आहे. डॉक्टर जो शब्द सांगतील तो पुरा लिहून घ्या, आणि कळला नाही तर पुन्हा विचारा, माझ्यासारखीला तर दहा वेळा विचारा. घरात साप निघाला तर हार घालू नका, काठी उचलू नका, जाणत्याला बोलवा. तो गटार उपसत असला तरी त्याचं ऐका. कोणी भविष्य सांगितलं आणि ते खरं ठरलं, तर त्याने ते कुठे वाचलं होतं ते शोधा. आणि दिलेला शब्द खोट्या माणसाने घेतलेला असेल, तर तो मोडा. मोडल्याने काहीही होत नाही. पाळल्याने काय होतं ते नेऱ्यात खिडकीशी बसलेलं आहे, येऊन बघा. मावशी तुम्हाला आता आवाजावरूनच ओळखतील.